डिस्टेंपरचा नवा उपचार शोधताना खरं अडतं कुठे

डिस्टेंपर, म्हणजे कुत्र्यांचा विषाणूने होणारा एक जीवघेणा आजार, झालेल्या कुत्र्यासाठी नवीन काही आहे का, हे शोधायला बसलं की तासाभरात चारपाच औषधांची नावं हाती लागतात. त्याला फार डोकं लागत नाही. गाडी अडते ती त्याच्या आधी: या कुत्र्याला डिस्टेंपरच आहे, हे कागदावर कोण लिहून देणार? कर्नाटकाच्या महाराष्ट्राला लागून असलेल्या निपाणी-चिकोडी पट्ट्यात राहून मी हे करून घेतलंय आणि त्याची चीड अजून गेलेली नाही, म्हणून लिहितोय.

आधी उपचारांचं. सगळ्यात जास्त बोलबाला आहे तो कोंबड्यांच्या मानमोडीच्या, म्हणजे राणीखेतच्या विषाणूचा. कॅलिफोर्नियातले पशुवैद्य अल्सन सिअर्स यांनी 1970च्या दशकात ही पद्धत काढली. निरोगी कुत्र्याला हा विषाणू टोचायचा, साधारण बारा तासांनी त्याचं रक्त काढून सीरम, म्हणजे रक्तातलं पातळ पाणी, वेगळं करायचं आणि ते आजारी कुत्र्याला द्यायचं. झटके सुरू झालेल्या कुत्र्यात मानमोडीची लसच मणक्यातून सोडायची, असा पुढचा प्रकार. कल्पना बिनबुडाची नाही, कारण त्या विषाणूने शरीरात इंटरफेरॉनसारखे विषाणूला रोखणारे पदार्थ तयार होतात. पण एका गटाला सीरम दिलं, दुसऱ्याला दिलं नाही आणि दोन्हींची तुलना केली, असा विसंबावं असा अभ्यास मला सापडला नाही. काही कुत्री आपोआपही बरी होतात, त्यामुळे नुसत्या 'आमचं वाचलं' या गोष्टींवरून काही ठरत नाही.

आपल्याकडे पोल्ट्रीच्या दुकानात लासोटा ही मानमोडीची लस सहज मिळते, तिथंच घोळ होतो. ती बाटली शेकडो पक्ष्यांसाठी असते, पाण्यातून नाहीतर डोळ्यात थेंब टाकून द्यायची. कुत्र्याच्या शिरेत सोडण्यासाठी ती बनवलेलीच नाही. त्याच फ्रिजमधली आर-टू-बी ही मानमोडीचीच दुसरी लस तर आणखी कडक. दुकानदार 'सगळं एकच' म्हणाला तरी ऐकू नका. हाताळताना उडालं तर माणसाचे डोळेही येतात. सीरमसाठी रक्त देणाऱ्या कुत्र्याची गोचीडतापाची तपासणी नसेल, तर एक आजार काढता काढता दुसरा घालाल.

रिबाव्हिरिन आणि फॅव्हिपिराव्हिर या विषाणूविरोधी औषधांची नावंही येतात. दोन्ही औषधं काचेच्या भांड्यातल्या पेशींवर या विषाणूला रोखतात. पण तिथे जेवढं प्रमाण लागलं तेवढं कुत्र्याच्या रक्तात, आणि मुख्य म्हणजे मेंदूत पोहोचतं का, हे बघायला हवं. रिबाव्हिरिनने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, ही किंमत वेगळीच. 2023 साली अमेरिकेत सशर्त मान्यता मिळालेलं अँटिबॉडीचं इंजेक्शन पार्व्होचं, म्हणजे कुत्र्यांच्या दुसऱ्याच एका विषाणूचं आहे, डिस्टेंपरचं नाही. फॉरवर्डमध्ये दोन्हींची खिचडी झालेली असते.

आता नमुन्याचं. रॅपिड किट निगेटिव्ह आली म्हणून डिस्टेंपर नाही, असं समजू नका. विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी आरटी-पीसीआर तपासणी हवी. त्यासाठी डोळ्याच्या आतल्या पापणीचा स्वॅब, लघवी आणि ईडीटीएच्या जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त, असं तिन्ही पाठवा. हिरव्या झाकणाच्या नळीत हेपॅरिन असतं, ते पीसीआरला अडथळा करतं. स्वॅब पॉलिस्टरचा, प्लास्टिकच्या काडीचा घ्या. कापूस गुंडाळलेली लाकडी काडी नको. झटके सुरू झाल्यावर डोळ्याचा स्वॅब कोरा येऊ शकतो, तेव्हा लघवी तरी नक्की द्या.

जवळ म्हणून मी नमुना दूधगंगेचा पूल ओलांडून पलीकडच्या एका सरकारी प्रयोगशाळेत नेला. खिडकीवरच्या माणसाने अर्जावरचा जिल्हा वाचला आणि म्हणाला, "तुमचं कर्नाटक न्हवं? मग तिकडंच द्या की." बॉक्समधला बर्फ वितळतोय, आणि हे साहेब वरिष्ठांना विचारतो म्हणून चहाला गेले. नंतर कळलं की अडचण राज्याची कमी आणि अर्जाची जास्त होती. पाठवणाऱ्या डॉक्टरांचा व्हेटर्नरी कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आणि शिक्का नव्हता. हे पहिल्या मिनिटात सांगता आलं असतं! अलीकडच्या कचेरीत अर्ज कन्नडमध्ये, तिथे 'शेवटच्या लसीची तारीख' हा रकाना रिकामा म्हणून परत. तो रकाना मात्र फालतू नाही. लसीत जिवंत, सौम्य केलेला विषाणू असतो, त्यामुळे लसीनंतर काही आठवडे पीसीआर पॉझिटिव्ह येऊ शकते. रस्त्यावरच्या कुत्र्याची तारीख कुणाला ठाऊक? तिथे 'माहीत नाही' असं स्पष्ट लिहा, रिकामं सोडू नका.

शेवटी खाजगी प्रयोगशाळेला कुरिअरने पाठवलं आणि अहवाल आला. निघण्याआधी फोन करून तीनच गोष्टी विचारा: कुत्र्याच्या डिस्टेंपरची पीसीआर करता का, परराज्यातला नमुना घेता का, शनिवारी कुरिअर उतरवून घ्यायला कुणी असतं का. शुक्रवारी पाठवलेला नमुना गोदामात दोन दिवस उकडतो. थर्माकोलचा डबा लसीच्या दुकानात मिळतो. जेल पॅक आणि नळी यांच्यामध्ये कागदाची घडी ठेवा, नाहीतर रक्त गोठून पेशी फुटतात. नळीवर बॉलपेनने लिहिलेलं ओलाव्याने पुसलं जातं, म्हणून मार्करने लिहून वर चिकटपट्टी लावा.

हे आधीच सांगायला हवं होतं: झटके, लाळ, चालताना तोल जाणं, हे सगळं रेबीजमध्येही दिसतं. लस न झालेल्या कुत्र्याच्या तोंडाशी उघड्या हाताने जाऊ नका. कुणाला चावलं असेल तर जखम साबणाने पंधरा मिनिटं धुऊन लगेच सरकारी दवाखाना गाठा, पीसीआरच्या अहवालाची वाट बघत बसू नका.

शोधनिबंध वाचायचे तर पबमेड सेंट्रलवर पूर्ण मजकूर फुकट मिळतो. पशुवैद्यकीय विद्यापीठांतले प्रबंध कृषिकोश या ऑनलाइन संग्रहावर असतात, तिकडे सहसा कुणी बघत नाही. वाचताना आधी बघा की आजार पीसीआरने पक्का केला होता का, तुलनेचा गट होता का, आणि कुत्र्यांवर किती दिवस लक्ष ठेवलं. अंगातला ताप उतरल्यावर काही आठवड्यांनीही झटके सुरू होतात, त्यामुळे दहाव्या दिवशी 'बरा' लिहिलेला निबंध मी बाजूला ठेवतो. मुधोळ कुत्रा पाळणाऱ्यांनी मुधोळजवळच्या तिम्मापूरच्या कुत्रा संशोधन केंद्रात जरूर विचारावं, ते आपल्या अंगणातलंच आहे.

तोवर सलाईन, जंतुसंसर्गावर अँटिबायोटिक, वाफ, झटक्यांचं औषध हे डॉक्टरांकडून चालू ठेवा. आजारी कुत्रं वेगळं बांधा, बरं झाल्यावरही दोनतीन महिने पिल्लांपासून लांबच ठेवा. विषाणू साध्या फिनाईलने मरतो, पण त्याच भांड्यात सगळ्यांना पाणी दिलं तर फिनाईल काय करणार?