वजनात खोटं चालणार नाही, जागेत चालेल

आमच्या गळवाल्या मंडळींत गेले तीन रविवार एकच वाद चालू आहे: नारायण पेठेतल्या काकांचा कटला अठरा किलोचा होता की नाही. मासा 2011 सालचा. तो केव्हाच रश्श्यात गेला. वाद अजून ताजा आहे.

मी चिंचवडच्या एका कारखान्यात सत्तावीस वर्षं क्वालिटीत काढली. हातात कायम व्हर्नियर. माझा स्प्रिंगचा काटा मी दर हंगामाच्या सुरुवातीला पाच किलोची कणकेची बंद पिशवी लटकवून तपासतो, आणि काट्याचा फरक वहीत लिहून ठेवतो. बायको म्हणते, एवढं लक्ष पोळ्यांकडे दिलं असतंस तर बरं झालं असतं. असो.

तर मी काकांना विचारलं, वजन कुठे केलं होतं?

"भंगारवाल्याकडे. रस्त्यात तेवढाच काटा होता."

सगळे हसले. काका शांत. "हसताय काय? भंगारवाल्याच्या काट्यानं आजवर कुणाला जास्त दाखवलंय का? त्यानं अठरा दाखवले म्हणजे वीस तरी धरा."

या तर्काला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मी सूत्राकडे वळलो. लांबी गुणिले घेराचा वर्ग, भागिले आठशे. मापं इंचात घेतली की वजन पौंडांत येतं. अंदाजच तो, पण काटा नसेल तेव्हा जगभरचे गळवाले हेच करतात. काकांकडे टेप नव्हती, त्यांनी वितीनं मोजलं होतं. चार वीत लांब, तीन वीत घेर. नऊ इंचांची वीत धरली तर तेहतीस पौंडांच्या आत, म्हणजे पंधरा किलोही भरत नाहीत.

काकांनी पंजा माझ्यासमोर ताणून धरला. "माझी वीत दहा इंची आहे."

मी टेबलावरच्या बिलामागे पुन्हा गणित केलं. वीस किलो चारशे ग्रॅम! त्या दिवशी सगळ्यांच्या चहाचे पैसे मी दिले.

पण यात नुसती थट्टा नाही. मोठ्या तोंडाच्या बास माशाचा जागतिक विक्रम अमेरिकेतल्या जॉर्जियात जॉर्ज पेरी नावाच्या शेतकऱ्यानं 1932 साली केला, 22 पौंड 4 औंस. मासा टपाल कार्यालयातल्या काट्यावर तोलला, घरी नेला आणि खाल्ला. आमच्या काकांसारखंच, फक्त काटा जरा बऱ्या घरचा. पुढे 2009 मध्ये मनाबू कुरिता या जपान्यानं बिवा सरोवरात जवळपास एका औंसानं जड मासा धरला. पण जुना विक्रम मोडायला किमान दोन औंस जास्त लागतात, म्हणून दोघांची बरोबरी ठरली. वर कुरिताला खोटं पकडणाऱ्या यंत्रासमोर बसवलं. तो पास झाला. आमच्या कट्ट्यावर तसलं यंत्र आणलं तर पहिल्याच रविवारी जळेल.

वादात वाद, नदीतला तो मोठा मासा, महाशीर, निघतोच. काकांच्या पिढीला म्हैसूरच्या व्हॅन इंजेनचा मासा पाठ आहे: 1946, कबिनी नदी, 120 पौंड. म्हणजे साधारण साडेचोपन्न किलो, सिमेंटच्या पोत्याहून जड. व्हॅन इंजेन घराणं शिकारीतले मेलेले वाघ टिकवून, उभे करून द्यायचं, त्यामुळे मासा टिकवायचा कसा हे त्यांना कुणी सांगायला नको. तो कावेरीच्या खोऱ्यातला, पाठीवर कुबड असलेला महाशीर. त्याची शास्त्रीय ओळख नक्की व्हायला 2018 उजाडलं, आणि ती झाली तेव्हा तो संपायच्या काठावर होता.

या गोष्टीचा एक धागा पुण्यात येतो आणि तो मला बोचतो. आपला दख्खनचा महाशीर, खुद्री, शास्त्रात नोंदला गेला तो मुळा-मुठेतून. इंग्रज अधिकारी कर्नल साइक्सनं 1839 साली, पुण्याच्या पूर्वेकडच्या पात्रातल्या माशावरून. बंडगार्डनच्या पुलावर नाक धरून उभं राहिलं की हे पटत नाही. पुढे तो घटला, म्हणून लोणावळ्याला वळवणमध्ये टाटांच्या केंद्रात त्याची पिल्लं वाढवली गेली. काम चांगलंच. पण ती पिल्लं दूर कावेरीतही सोडली गेली, तिथे आपल्या माशानं बस्तान बसवलं, आणि कुबडवाला मागे पडला. धरणं, वाळूउपसा, सुरुंग लावून मासे मारणं ही कारणं आहेतच, पण पाहुण्याचाही हात आहे. गळवाल्यांना गळाला जोरदार ओढ लागल्याशी मतलब. ती कुणाची, हे कोण विचारतो?

म्हणून मी वजनाबाबत हट्टी आहे. खरी वजनं वर्षानुवर्षं कुणी लिहून ठेवली असती, तर मासे लहान होत चाललेत हे आधी कळलं असतं. माझ्या वहीत सोळा वर्षांचे आकडे आहेत. त्यातला सगळ्यात मोठा मासा सहा किलो दोनशेचा, आणि मला त्याची लाज नाही. (थोडी आहे.)

जागेचं मात्र वेगळं. जागेबाबत मी बेधडक खोटं बोलतो.

आधी नव्हतो बोलत. पवना धरणाच्या मागच्या पाण्यात एका ओढ्याच्या तोंडाशी मला मरळ मिळायचे. एकदा फोटो टाकताना मागचा डोंगर नीट कापला आणि खुशीत झोपलो. सकाळी ट्रेकवाल्या भाच्याचा फोन: "मामा, तिकोन्याला गेला होतास?" पाण्यात तिकोना किल्ल्याचा उलटा त्रिकोण दिसत होता. प्रतिबिंब कापायचं राहिलं होतं.

तेवढ्यावर निभावलं असतं. पण त्याच उन्हाळ्यात मी ती जागा एकाला, फक्त एकाला, शपथ घालून सांगितली. महिन्याभरानं गेलो तर काठावर अकरा मोटारसायकली, थर्माकोलच्या ताटल्या, बाभळीत गुरफटलेलं तंगूस, म्हणजे गळाची दोरी, आणि त्यात पाय अडकलेला एक बगळा. बगळा सोडवताना त्यानं माझ्या मनगटावर चोच मारली. खूण अजून आहे. पुढच्या पावसाळ्यात कुणीतरी ओढ्याच्या तोंडावरच जाळं लावलं. चढणीचे मासे, पोटात गाभोळी असलेले, सगळे एकदम. आता तिथे चिलापी (तिलापिया) मिळते. फक्त चिलापी.

तरुण पोरं मला कंजूष म्हणतात. पाणी काय तुमच्या बापाचं आहे का, असंही एकानं विचारलं. नाही. धरणातल्या मासेमारीचा ठेका ज्या सोसायटीकडे असतो तिला मी रीतसर पैसे देतो, आणि तिची माणसं मला ओळखतात. त्याच पोराला मी फ्रॉग, म्हणजे बेडकासारखं खोटं आमिष, कसा ओढायचा, कधी थांबवायचा, मरळानं तोंडात घेतल्यावर किती मोजून झटका द्यायचा, सगळं शिकवलं. जागा नाही शिकवली. ती त्यानं चालून शोधावी.

परवा रविवारी कट्ट्याला उशिरा पोचलो. चपलांना लाल चिखल होता, तो मी कोपऱ्यावर फूटपाथला घासला होता.

"कुठे होतास?" काकांनी विचारलं.

"खडकवासल्याला."

"अरे, मीही तिथेच होतो. दिसला नाहीस."

"गर्दी फार होती, काका."

"होती खरी," काका म्हणाले, आणि पाय बाकाखाली ओढून घेतले. त्यांच्या चपलाही लालच होत्या.