2.70 गुणांची गिरकी

चार फेऱ्यांच्या उड्यांनी फिगर स्केटिंगमधली शैली संपवली, असं म्हणायची पद्धत आहे. मला नाही पटत. लुट्झ या उडीचे तीन फेऱ्यांचे (ट्रिपल) मूळ गुण 5.90, चार फेऱ्यांचे (क्वाड) 11.50. ज्याला जमेल तो मारणारच की! माझं भांडण गिरक्यांशी आहे.

लेबॅक ही गिरकी घ्या. पाठ मागे टाकून फिरायचं, मान सैल, हात कुठे न्यायचे ते जिचं तिने ठरवायचं. पण नुसतं देखणं फिरून वरची लेव्हल, म्हणजे अवघडपणाची वरची पायरी, मिळत नाही. म्हणून आधी मागे झुका, मग कुशीला वळा, मग पाय धरून पातं डोक्यावर ओढा. त्या शेवटच्या अवस्थेला 1981 ची विश्वविजेती डेनिस बीलमान हिचं नाव आहे; तिची ती ओळखच होती. आता जिची कंबर साथ देते ती प्रत्येक जण ते करते. व्हायोलिन विरत चाललेलं असतं आणि बाईंच्या फेऱ्या अजून पुऱ्या व्हायच्या असतात. लेव्हल 1 ला 1.50, लेव्हल 4 ला 2.70. एवढ्याशा फरकापायी सगळ्या एका साच्यातल्या.

एक पाय मागे उंच उचलून घसरत जायचं त्या स्पायरलची तीच गत. पाय हातात धरून सेकंद मोजणं सुरू झालं, आणि 2010 मध्ये महिलांच्या शॉर्ट प्रोग्राममधून त्याची सक्तीच गेली.

तरी परीक्षकांनी 6.0 पैकी गुण द्यायची जुनी पद्धत परत आणा असं मी म्हणणार नाही. 2002 च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये जोड्यांच्या निकालावरून, परीक्षकांच्या संगनमताच्या आरोपांनी जे रामायण झालं, ते पुरे. आज निदान कशाला किती मिळाले ते कागदावर दिसतं. फक्त रचना, सादरीकरण आणि स्केटिंगचं कसब यांना प्रत्येकी 10 ची मर्यादा आहे, तांत्रिक गुणांना तशी नाही. अमेरिकेचा जेसन ब्राउन 2022 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये एकही क्वाड न मारता सहावा आला. त्याचा क्रम मला योग्यच वाटतो. पुढच्यांनी जोखीम घेतली होती. पण पुन्हा पुन्हा पाहते ती त्यालाच, स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या गुणांवर कागद चिकटवून. (घरचे हसतात. हसोत.)

कोरिओग्राफिक सीक्वेन्सला, म्हणजे स्केटरने आपल्या मनाने रचलेल्या हालचालींच्या तुकड्याला, लेव्हलच नाही, सरळ 3.00 मूळ गुण. आणि नेमकी तिथेच माणसं वेगळी दिसतात: कुणी गुडघ्यांवर घसरत जातं, कुणी बर्फालगत आडवं होतं, कुणी जुना स्पायरल बाहेर काढतं. लेबॅकलाही एकच दर लावा. पुढचं, किती छान केलं त्याच्या वजा 5 ते अधिक 5 या श्रेणीत, परीक्षक बघून घेतील. बीलमान करणाऱ्या तेव्हाही करतील, पण संगीताने मागितली तर.