राउटरचं ॲप बिल भरण्यापुरतं ठेवा

फायबरची लाईन देणाऱ्या बहुतेक कंपन्यांचं ॲप उघडलं की आधी ओटीटी पॅकची जाहिरात येते. मग प्लॅन वाढवा, मग मित्राला जोडा आणि सूट मिळवा. अंगठा दुखेपर्यंत खाली गेलात की कुठेतरी ‘माझं वायफाय’ सापडतं. तिथे कामं दोनच होतात: नाव-पासवर्ड बदलणं आणि राउटर रीस्टार्ट करणं. नेट का गेलंय हे बघायची सोय नाही. ती माहिती राउटरकडे असते, ॲप ती तुमच्यापर्यंत येऊ देत नाही.

मुळात ॲप तुमच्या राउटरशी थेट बोलतच नाही. फोनवरून निरोप कंपनीच्या सर्व्हरला जातो आणि सर्व्हर टीआर-०६९ नावाच्या पद्धतीने राउटरला हुकूम देतो. डबा तुमच्यापासून चार फुटांवर असला तरी वाट ही अशी लांबची. म्हणून लाईन मेली की ॲपही मेलं. मोबाइल डेटावर उघडलंत तर ‘डिव्हाइस ऑफलाइन’ एवढंच दिसेल, जे लाल दिवा बघून तुम्हाला आधीच कळलेलं असतं. त्यात लॉगिनचा ओटीपी जातो नोंदणी केलेल्या मोबाइलवर. पुण्यात वाकड-खराडीतल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये तो नंबर बहुधा घरमालकाचा असतो, आणि घरमालक फोन उचलेपर्यंत ओटीपीची मुदत संपते. कनेक्शन मालकाच्या नावावर राहणार असेल तरी संपर्काचा नंबर राहायला आल्या दिवशीच स्वतःचा करून घ्यावा.

लोकेशनची परवानगी मागतात म्हणून मात्र ॲपला शिव्या घालू नका. फोन कोणत्या वायफायला जोडलाय हे वाचायला अँड्रॉइडच ती मागतो. कॉन्टॅक्ट्स मागितले तर मात्र खुशाल नाही म्हणा.

राउटरचं स्वतःचं पान उघडायला इंटरनेट लागत नाही. फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कवर टॅप केलं की ‘गेटवे’चा पत्ता दिसतो. बऱ्याच ठिकाणी तो १९२.१६८.१.१ असतो, काहींचा १९२.१६८.२९.१. तो ब्राउझरमध्ये टाका. युजरनेम-पासवर्ड डब्याच्या खालच्या स्टिकरवर असतो. नेट बंद असताना हे करायचं तर आधी मोबाइल डेटा बंद करा. नाहीतर ‘या वायफायला इंटरनेट नाही’ असं ठरवून फोन परस्पर डेटावर जातो आणि पान उघडतच नाही. कित्येक जण इथेच अडकतात आणि राउटरचं पान कंपनीने बंद केलंय अशी समजूत करून घेतात.

त्या पानावर ‘स्टेटस’ किंवा ‘पॉन’ (फायबरच्या जाळ्याचं तांत्रिक नाव) अशा नावाखाली आरएक्स पॉवर शोधा. बाहेरून येणारा प्रकाश तुमच्या डब्यापर्यंत किती पोचतोय याचा हा आकडा, डीबीएम या प्रकाशाची ताकद मोजायच्या एककात आणि नेहमी उणे. उणे १५ ते उणे २५ असेल तर निर्धास्त राहा. उणे २७ च्या पुढे गेला की डब्याला तो प्रकाश नीट वाचता येत नाही आणि नेट अधूनमधून पडायला लागतं. दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो, म्हणजे उणे २१ वरून उणे २७ वर येणं म्हणजे चौथाई उरणं.

हिशोब करून बघायला हरकत नाही. कंपनीच्या यंत्रातून साधारण अधिक ३ ने प्रकाश निघतो. वाटेत एकाचे आठ करणारा स्प्लिटर सुमारे १० डीबी खातो. असे दोन एकामागे एक लावले की २०-२१ गेले. फायबर किलोमीटरला ०.३५ खातं, जोडण्यांचे एक-दोन धरा. घरी उणे २० च्या आसपास उरायला हवेत. सगळं सुरळीत असताना हा आकडा एकदा बघून कुठेतरी लिहून ठेवा. नंतर तो ३-४ ने घसरला तर बिघाड लाईनवर आहे. राउटर शंभरदा रीस्टार्ट करून काही होणार नाही.

घसरण्याची कारणं पुण्यात ठरलेली. गच्चीवरून गच्चीवर ओढलेली वायर पावसाळ्यात फांदीखाली येते. खांबावरच्या डब्यात पाणी शिरतं. गणपतीचे मांडव पडताना रस्त्यावरून आडव्या गेलेल्या वायरी वर-खाली केल्या जातात. घरातली कारणं त्याहून साधी: उरलेलं फायबर खिळ्याला घट्ट गुंडाळलेलं, दाराच्या फटीत चेंगरलेलं, कपाटामागे काटकोनात वळलेलं. वेटोळं तळहाताएवढं सैल ठेवा. टोकाच्या कनेक्टरचा रंगही बघून ठेवा. हिरव्याचं तोंड ८ अंशांनी तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. हिरवा निळ्यात घातला तर बसतो, पण मध्ये फट राहते आणि प्रकाश वाया जातो. घाईतला माणूस हे करून जातो. फायबरच्या टोकात डोळा घालून मात्र बघू नका, तो प्रकाश दिसत नाही पण असतो.

दिवे वाचायला शिकलात तर निम्मं काम झालं. एलओएस लाल असेल तर प्रकाश येत नाही किंवा फारच कमी येतोय: लाईन तुटली, निघाली किंवा दबली. पॉन लुकलुकत असेल तर प्रकाश येतोय पण पलीकडचं यंत्र तुमच्या डब्याला ओळखत नाही. पॉन स्थिर हिरवा आणि इंटरनेटचा दिवा लाल किंवा बंद असेल तर फायबर ठीक आहे, लॉगिन अडलंय. रिचार्ज संपला असेल, किंवा सेशन लटकलं असेल.

सेशन लटकणं हा प्रकार नीट कळून घेण्यासारखा आहे, कारण ॲपमधलं ते एकुलतं एक ‘रीस्टार्ट’ बटण इथे उलट काम करतं. अनेक लहान कंपन्या पीपीपीओई वापरतात, म्हणजे तुमचा राउटर युजरनेम-पासवर्ड देऊन आत शिरतो. अचानक वीज गेली की राउटर निरोप न घेता बंद पडतो. पलीकडच्या सर्व्हरला वाटतं, हा अजून आतच आहे. एका खात्याला एकच सेशन असा नियम असेल तर वीज आल्यावर केलेलं लॉगिन नाकारलं जातं. जुनं सेशन काही मिनिटांनी आपोआप सुटतं. पण काही ठिकाणी चुकीचे प्रयत्न मोजले जातात आणि पुन्हा पुन्हा रीस्टार्ट केलं की खातं थोडा वेळ अडवलं जातं. डबा बंद करून दहा मिनिटं तसाच राहू द्या, मग एकदाच चालू करा. गुरुवारी महावितरणच्या देखभालीनंतर वीज आली की आख्ख्या भागाचे राउटर एकदम लॉगिन मागतात. तेव्हा तर जरा धीर धरणंच बरं.

विजेचा विषय निघालाच आहे तर छोट्या यूपीएसबद्दल. डब्याच्या ॲडॉप्टरवर व्होल्ट आणि ॲम्पिअर लिहिलेले असतात, बहुधा १२ व्होल्ट आणि १ ते २ ॲम्पिअर. व्होल्ट तेवढेच हवेत, ॲम्पिअर तेवढे किंवा जास्त. खोक्यावर ८८०० एमएएच लिहिलेलं असलं तरी ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचं असतं, म्हणजे सुमारे ३२ वॉट-तास. १२ व्होल्ट करताना थोडे जातात. राउटर ९ वॉट खात असेल तर तीन तास धरा, आठ तासांच्या गप्पांवर जाऊ नका. आणि घेण्याआधी घरात काय येतंय ते बघा. बारीक फायबर येत असेल तर वाटेतल्या स्प्लिटरला वीज लागत नाही, यूपीएसचा उपयोग होईल. जुन्या सोसायट्यांमध्ये गच्चीवर स्विच ठेवून तिथून जाड निळी-करडी लॅन केबल खाली सोडलेली असते. तिथे गच्चीवरची वीज गेली की घरातला यूपीएस नुसता दिवे लावून बसतो.

राउटर दिवसातून दोन-चारदा आपणहून बंद-चालू होत असेल तर आधी ॲडॉप्टरवर संशय घ्या. दोन-तीन वर्षांत आतले कपॅसिटर थकतात. नुसता लावला तर १२ व्होल्ट दाखवतो, पण घरातले सगळे एकदम नेट वापरू लागले की खाली येतो. राउटर चालू असताना मल्टिमीटर ११ च्या खाली गेला तर ॲडॉप्टर बदला. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तो राउटरच्या मानाने फार स्वस्त मिळतो.

प्लॅन २०० चा आणि स्पीड टेस्ट कितीदाही केली तरी ९४ च्या आसपास, असं असेल तर ते वायफायचं दुखणं नाही. १०० एमबीपीएसवर जोडलेल्या लॅनमधून प्रत्यक्षात ९४-९५ च मिळतात. केबलच्या चार जोड्यांपैकी एखादी तुटली की गिगाबिटची जोडणी गुपचूप १०० वर उतरते. किंवा पोर्टच १०० चा असतो: स्वस्त डब्यांवर चारपैकी एकच पोर्ट गिगाबिट असतो, बहुतेकदा पहिला. कॅट ५ई किंवा कॅट ६ ची चांगली केबल त्यात लावा.

वायफायमध्ये ॲपने केलेला सगळ्यात मोठा घोळ म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या वायफायच्या दोन पट्ट्यांना एकच नाव देणं. स्मार्ट प्लग, वायफाय कॅमेरे, जुने प्रिंटर यांतल्या बहुतेकांना फक्त २.४ कळतं, आणि जोडणी करताना फोन ५ वर असला की काहींचं सेटिंगच पूर्ण होत नाही. ॲपमध्ये दोन नावं वेगळी करायचा पर्याय बऱ्याचदा नसतोच, राउटरच्या पानावर ‘बँड स्टिअरिंग’ किंवा ‘स्मार्ट कनेक्ट’ बंद केलं की मिळतो. तिथेही नसेल तर गेस्ट नेटवर्क फक्त २.४ वर चालू करून ही उपकरणं त्यावर टाका. तरीही प्रिंटर अडला तर सुरक्षा डब्ल्यूपीए३ वरून डब्ल्यूपीए२ वर आणा.

२.४ वर चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकीच घ्या आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. सोसायटीत पंचवीस-तीस राउटर एकमेकांच्या अंगावर ओरडत असताना ४० ठेवून फायदा होत नाही. ५ वर ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ मधलं चॅनल हाताने निवडा. मधली ५२ ते १४४ ही रडारबरोबर वाटून घ्यावी लागतात. रडारची चाहूल लागली की राउटरला तिथून उठावं लागतं आणि तशाच दुसऱ्या चॅनलवर बसण्याआधी निदान मिनिटभर ऐकत थांबावं लागतं. ‘ऑटो’वर ठेवलेलं वायफाय मध्येच गायब होऊन आपणच परत येतं, त्याचं हे एक कारण असू शकतं. पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींतून ५ जातच नाही म्हटलं तरी चालेल. नव्या फ्लॅटमध्ये बिल्डरने फायबरचा पॉइंट दाराशी, चपलांच्या कपाटात दिलेला असतो, तोही त्याच लायकीचा.

यावर इलाज म्हणजे स्वतःचा राउटर. दोन वाटा आहेत. कंपनीकडून डबा ब्रिज मोडवर करून घ्या, म्हणजे तो लाईन नुसती पुढे देईल आणि लॉगिन तुमचा राउटर करेल. पीपीपीओईचा युजरनेम-पासवर्ड आणि व्हीलॅन नंबर (त्यांच्या लाईनवरचा ओळख क्रमांक) विचारून घ्या आणि ते आपल्या राउटरमध्ये भरा. एमटीयू, म्हणजे एका वेळी जाणाऱ्या पाकिटाचा कमाल आकार, १४९२ ठेवा, पीपीपीओईचे ८ बाइट १५०० मधूनच जातात. हा आकडा चुकला की गंमत होते: एक साइट चालते, दुसरी नुसती फिरत राहते. ब्रिज द्यायला कंपनी तयार नसेल तर दुसरी वाट. कंपनीच्या डब्याचं वायफाय बंद करा. आपल्या राउटरचा डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटायचं काम) बंद करा, त्याला कंपनीच्या डब्याच्याच मालिकेतला पण मोकळा पत्ता द्या, डबा १९२.१६८.१.१ वर असेल तर १९२.१६८.१.२, आणि केबल त्याच्या वॅनमध्ये, म्हणजे बाहेरच्या लाईनच्या पोर्टमध्ये, न लावता लॅन पोर्टमध्ये लावा. वायफाय तुमचं, बाकी सगळं त्यांचं. जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून कायद्यानेच ग्राहकाला स्वतःचं उपकरण लावता येतं आणि कंपनीला जोडणीची माहिती द्यावीच लागते. इथे फोनवर गोड बोलून मिळेल तेवढं.

कंपनीच्या डब्यात केलेले बदल टिकतीलच असं नाही. डीएनएस बदललात, चॅनल बदललात, आणि पुढच्या फर्मवेअर अपडेटनंतर सगळं जैसे थे. राउटर कंपनीच्या सर्व्हरला हजेरी देतो आणि सर्व्हर आपली ठरलेली सेटिंग पुन्हा उतरवतो. ही दूरची किल्ली नीट सांभाळली नाही तर काय होतं तेही जर्मनीतच दिसलं. नोव्हेंबर २०१६ मध्ये या व्यवस्थेसाठी वापरल्या जाणाऱ्या ७५४७ या पोर्टवर हल्ला झाला आणि डॉइच टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचं नेट कोलमडलं.

पोर्ट फॉरवर्डिंगचं, म्हणजे घरातलं उपकरण बाहेरून उघडू देण्याचं, बटण ज्या ॲपमध्ये आहे तिथेही ते हिरवी खूण दाखवतं आणि बाहेरून कॅमेऱ्यांचा डीव्हीआर काही उघडत नाही. राउटरच्या पानावर वॅनचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे एकच खरा पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. मग फॉरवर्डिंगच्या नादी लागू नका. पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा कायमचा पत्ता, घ्या, किंवा कॅमेऱ्याची स्वतःची क्लाउड सेवा वापरा.

तक्रार करताना ‘नेट स्लो आहे’ म्हणालात की पलीकडून ‘सर, रीस्टार्ट करून बघा’ येणारच. त्याऐवजी असं सांगा: ‘पॉन हिरवा आहे, आरएक्स उणे २८ आहे, आधी उणे २१ होता, लाईन तपासायला माणूस पाठवा.’ तक्रार क्रमांक घ्या आणि आकड्याचा स्क्रीनशॉट ठेवा. येणाऱ्या माणसाकडे पॉवर मीटर आहे का हे आधीच विचारा. मीटर नसलेला माणूस डबा बदलून जातो आणि लाईन तशीच राहते. काम झाल्यावर तो दारात असतानाच आकडा पुन्हा बघा.

कनेक्शन बंद करताना डबा परत देण्याआधी मागचं बारीक छिद्र पिनने दहा सेकंद दाबून रीसेट करा, तुमचा वायफायचा पासवर्ड त्यातच असतो. स्टिकरवरच्या सीरियल नंबरचा आणि ॲडॉप्टरचा फोटो काढा, आणि नेणाऱ्याकडून दोन्हींचा उल्लेख असलेली पोच घ्या. ॲडॉप्टर मिळाला नाही म्हणून डिपॉझिटमधून पैसे कापले जातात ते अशी पोच नसली की.