पाच लाख क्युसेकची क्लिप

पावसाळ्यात सांगलीतल्या रात्रपाळीच्या उपसंपादकाला बातम्यांपेक्षा आकडेच जास्त सांभाळावे लागतात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती, कोयनेतून किती सुटलं, अलमट्टीतून किती. 40 फूट इशारा, 45 फूट धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं.

त्या रात्री पातळी तिशीच्या घरात होती. दहाच्या सुमारास व्हॉट्सअॅपवर क्लिप आली, दुहेरी बाणवाली, म्हणजे बऱ्याच हातांतून फॉरवर्ड होत आलेली. आवाज एकदम साहेबी: कोयनेतून 5 लाख क्युसेक सोडतायत, नदीकाठच्यांनी तत्काळ हलावं.

आमचा वेबसाइटचा पोरगा पोस्ट तयार करून बसलेला. "सर, बाकीच्यांनी टाकलंय." त्याला काय बोलणार? त्याचं काम क्लिकवर मोजणारे वरच्या मजल्यावर बसतात.

मी कागद ओढला. 11,574 क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी, दिवसभर सोडलं की एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट. 5 लाख म्हणजे दिवसाला 43 टीएमसी. कोयनेची क्षमता 105.25. काठोकाठ भरलेलं धरण अडीच दिवसांत कोरडं ठणठणीत! साधा भागाकार, पण करायची तसदी कुणी घेतली नव्हती, आणि त्यात दोन वार्ताहरही आले.

शिवाय धरणाचं खरं पत्रक असं बोलतच नाही. त्यात सहा वक्र दरवाजे किती फुटांवर, सांडव्यावरून किती, पायथा विद्युतगृहातून किती, मग एकूण किती, असं सगळं ओळीनं येतं. वाचताना जांभई येते. क्लिपमध्ये पायथा विद्युतगृहाचं नावही नव्हतं.

आकडा मात्र ओळखीचा होता. 2019 च्या महापुरात तो अलमट्टीच्या बातम्यांत असायचा. कुणीतरी धरण बदललं होतं. कोयना आपल्या वर, अलमट्टी आपल्या खाली कर्नाटकात. तिथून जास्त सुटलं तर आपल्याकडची फूग, म्हणजे मागं तुंबलेलं पाणी, उतरेल म्हणून आपणच आरडाओरडा करतो. आवाज माणसाचा की मशिनचा, ते कळायला मार्ग नव्हता. दहा हात फिरून आलेल्या क्लिपचं मूळ सापडत नाही.

पाटबंधारेच्या माणसाला उठवून खात्री केली आणि खुलासा टाकला. क्लिप जशी पळाली तसा तो पळाला नाही, हे सांगायला नकोच.

बाराच्या पुढं नदीकाठच्या सूर्यवंशी प्लॉटमधून फोन आला. सामान माडीवर चढवत होते, म्हातारीला मिरजेला पाठवलं होतं. मी सगळं गणित सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सायेब, एकोणीसला बी समदी घाबरू नका म्हणत हुती. पानी छातीला लागलं. मेसेज खोटा निघाला तर एका रात्रीची झोप गेली. तुमचं गनित चुकलं तर?"

गणित चुकत नव्हतं. पण 2019 ला इथं पाणी 57 फुटांवर गेलेलं, आणि ते त्यांनी अंगावर घेतलेलं. मी पुलाजवळची ताजी पातळी सांगितली. त्यांनी ती लिहून घेतली आणि विचारलं, "ही मोजली कुनी? तुमी स्वता बघितली का?"