जानेवारीत पास झालेली रॅम

मे महिन्यात पंचवटीतले एक फोटोग्राफर दुकानात आले, पेनड्राइव्ह पुढे केला आणि म्हणाले, "दादा, हे बघा काय होतंय." लग्नाचा फोटो होता. वरचा निम्मा भाग अगदी स्वच्छ: फेटा, मुंडावळ्या, अंतरपाट. मध्ये एक आडवी रेघ, आणि तिच्याखाली सगळं चित्र सरकलेलं, जांभळट पडलेलं. असे सात फोटो.

मी फोटो बघता बघताच म्हणालो, "भाऊ, डिस्क खराब होत चाललीय तुमची." त्यांनी त्याच दिवशी नवी डिस्क घेतली. हे वाक्य मला अजून टोचतं, म्हणून हे सगळं लिहितोय.

मशीन मीच बांधलेलं, जानेवारीत. रायझन ५९००एक्स प्रोसेसर आणि रॅमच्या १६ जीबीच्या दोन स्टिक, सॅमसंगच्या बी-डाय चिपच्या. ज्यांनी रॅमचं टायमिंग, म्हणजे तिच्या प्रत्येक कामाला किती वेळ द्यायचा ते आकडे, हाताने बसवलंय त्यांना या चिपबद्दल वेगळं सांगायला नको. व्होल्टेज द्या, ती घट्ट टायमिंग घेते. पॅकवर लिहिलेलं होतं ३६०० च्या वेगाला सीएल १६, म्हणजे मागितलेला डेटा द्यायला १६ सायकल, ८.८९ नॅनोसेकंद. मी ती १.४५ व्होल्टवर सीएल १४ ला, ७.७८ नॅनोसेकंदांवर आणली. पण खरी कमाई टीआरएफसी नावाच्या आकड्यात असते. एक्सएमपी, म्हणजे कंपनीने भरून दिलेलं तयार सेटिंग, चालू करून बिल फाडणाऱ्या दुकानदारांनी हा आकडा आयुष्यात उघडून पाहिलेला नसतो.

रॅममधली प्रत्येक पेशी म्हणजे एक इवलासा कपॅसिटर. त्यातला चार्ज सतत पाझरत असतो, म्हणून प्रत्येक ओळ दर ६४ मिलिसेकंदांत पुन्हा भरावी लागते. त्यासाठी सरासरी दर ७.८ मायक्रोसेकंदांनी रिफ्रेशची आज्ञा जाते, आणि ते काम चालू असेपर्यंत रॅम दुसरं काही करत नाही. ही थांबायची वेळ म्हणजे टीआरएफसी. ८ गिगाबिटच्या डीडीआर४ चिपला प्रमाणित वेळ ३५० नॅनोसेकंद, ३६०० च्या वेगाला ६३० सायकल. मी तो आकडा २५२ वर आणला होता, म्हणजे १४० नॅनोसेकंद. बी-डायवर हे होतं, आणि मला त्याचा अभिमान होता.

आधी माझ्या टेबलावरच्या दोन रॅम स्लॉटच्या मदरबोर्डवर सगळं बसवलं. मग तेच आकडे भाऊंच्या चार स्लॉटच्या बोर्डमध्ये भरले, तर तीनदा बूटच झालं नाही. दर वेळी सीमॉस क्लिअर करायचं, म्हणजे बोर्डाची सेटिंग पुसायची, बोर्ड पुन्हा ट्रेनिंग करतो, म्हणजे रॅमशी जुळवून बघतो, पंखे फिरतात, स्क्रीन काळी. चार स्लॉटच्या बोर्डात वायरिंग लांब पडतं आणि रिकामे स्लॉट सिग्नलच्या वाटेवर लटकत राहतात. स्टिक दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्येच लावायच्या, हे तर मी केलंच होतं. शेवटी गिअर डाउन मोड, म्हणजे रॅमला आज्ञा थोड्या सैल वेळेत देणारं सेटिंग, चालू केला तेव्हा उठलं. शिवाय जे आकडे आपण भरत नाही ते प्रत्येक बोर्ड 'ऑटो'मध्ये आपल्या मर्जीने भरतो. स्टिक तीच, भरलेले आकडे तेच, पण दुसऱ्या बोर्डवर ते सेटिंग तेच राहत नाही. नुसत्या स्क्रीनशॉटवरून दुसऱ्याचं टायमिंग उतरवून घेणाऱ्या पोरांना मी हे नेहमी सांगतो.

भाऊंच्या बोर्डवर रात्रभर टेस्टमेम५ हा रॅम तपासायचा प्रोग्राम लावला. त्या आठवड्यात थंडी अशी होती की निफाडकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटवल्या होत्या. पहाटे स्टिकचं तापमान ३४ अंश. आठ तास, एरर शून्य. मी मशीन पोचवलं.

डिस्क बदलून दहा दिवसांनी भाऊंचा फोन आला: पुन्हा पाच फोटो. मी केबल बदलली, कार्ड रीडर बदलायला लावला. रॅम दुकानात आणून परत तपासली, रात्री, माझ्या टेबलावर. पास. मित्राला विचारलं तर तो म्हणाला, "विंडोज मार ना नवीन." आमच्या धंद्यात कारण सापडलं नाही की हेच उत्तर असतं. मला त्याचा राग येतो, कारण पुसून टाकलं की पुरावाही जातो.

तिसऱ्या वेळी मी मशीन आणायला सांगितलं नाही. दुपारी अडीचला त्यांच्या स्टुडिओतच गेलो. चौथा मजला, वर थेट गच्चीचा स्लॅब. बाहेर ४० अंश. भाऊ एकीकडे कार्डावरून फोटो कॉपी करत होते आणि दुसरीकडे व्हिडिओ एक्स्पोर्ट चालू होता. मी ४० जीबीचा एक फोल्डर दहा वेळा कॉपी केला आणि प्रत्येक फाइलचा चेकसम, म्हणजे आतला मजकूर बदलला की बदलणारा आकडा, काढला. दोन फाइल जुळेनात. त्यातली एक मूळ फाइलशी बाइट बाय बाइट ताडून पाहिली. अख्ख्या फाइलमध्ये एका जागी फरक: हेक्समध्ये ४५ च्या जागी ४१. म्हणजे एक बिट.

तिथे मी काही वेळ नुसता बसून राहिलो. डिस्क अशी बिघडत नाही. तिचा सेक्टर खराब झाला की वाचताच येत नाही, बोंब होते. एकच बिट गुपचूप फिरतो तेव्हा संशय आधी रॅमवर जायला हवा, हे मला माहीत होतं. कॉपी होणारी फाइल आधी रॅममध्ये येते आणि तिथून डिस्कवर उतरते. रॅममध्ये बिट फिरला की डिस्क तो इमानदारीने जपून ठेवते. भाऊंचं सॉफ्टवेअर कॉपीनंतर 'व्हेरिफाय' करत होतं, पण लगेच वाचलं तर फाइल डिस्कवरून नाही, रॅमच्या कॅशमधूनच येते. चुकीची चुकीशी जुळणी व्हायची.

सेन्सर पाहिला. स्टिक ५८ अंशांवर. ग्राफिक्स कार्डाची गरम हवा सरळ वर स्टिकवर येत होती. माझ्या सगळ्या टेस्ट ग्राफिक्स कार्ड निवांत असताना झालेल्या, रात्रीच्या, थंडीतल्या. तापमान वाढलं की चार्ज जास्त वेगाने पाझरतो, आणि १४० नॅनोसेकंदांत तो पुरता भरून निघत नाही. ग्राफिक्स कार्डावर लोड टाकून टेस्टमेम५ चालवलं: अकराव्या मिनिटाला पहिली एरर. बाजूचं झाकण काढून टेबलफॅन लावला, एरर थांबल्या. झाकण लावून टीआरएफसी ३२४ केला, ६१ अंशांवर दोन तास शून्य. तरी ३६० वर ठेवला, २०० नॅनोसेकंद. दहा मिनिटांच्या एक्स्पोर्टला काही सेकंद जास्त लागले. एवढ्या सेकंदांसाठी मी ते केलं होतं.

भाऊंना तिथेच सांगितलं, "चूक माझ्या सेटिंगची आहे, डिस्कची नाही." ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, "मग जानेवारीपासूनचं सगळंच?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. डिस्कचे पैसे मी परत केले, ते सोपं होतं. मेमधल्या बारा फोटोंपैकी नऊ कॅमेऱ्याच्या दुसऱ्या कार्डावर सापडले. पण त्याआधीच्या लग्नांची कार्डं केव्हाच फॉरमॅट होऊन पुढच्या कामाला गेली होती. जेपीजीमध्ये बिट फिरला तर बहुतेक वेळा चित्र सरकतं, दिसतं तरी. कॅमेऱ्याच्या कच्च्या, रॉ फाइलमध्ये तो एखाद्या पिक्सेलपुरताच राहिला तर कुणाला कधीच कळणार नाही. ईसीसी, म्हणजे स्वतःची चूक ओळखणारी रॅम असती तर तो बिट तिथल्या तिथे दुरुस्त झाला असता. ज्यांचं पोट फाइलींवर आहे त्यांच्या मशीनमध्ये ती आता मी आग्रहाने सुचवतो, बोर्ड चालवत असेल तर. लोक दहा टक्के वेग मागतात, ईसीसी कुणी मागत नाही. आणि त्यांना सांगायचं काम आमचं होतं.

सध्या दर रविवारी सकाळी मी पंचवटीत जातो. व्हिडिओ एफएफएमपेग या प्रोग्राममधून आरपार डीकोड करून एरर शोधतो, जेपीजी एकेक उघडून बघतो. एप्रिल आणि मार्च झाले. मार्चमध्ये चार सापडले, एकाच लग्नातले, कन्यादानाचे. त्या घरी फोन भाऊंनी केला, मी शेजारी बसलो होतो. फेब्रुवारीचे दोन फोल्डर राहिलेत.