तुम्ही विचारलंत म्हणून: टाइम नको, ईटाइम दाखव

"पीएस मारला की टाइम समोरच दिसतो, मग दर वेळी ईटाइम कशाला मागता?" महापेच्या ऑफिसात नवीन आलेला प्रत्येक जण हे विचारतो. टपरीवर चहा पितानाही सोडत नाहीत. एकदाच सांगतो. पीएस म्हणजे मशीनवर चालू असलेल्या प्रोग्रामांची, म्हणजे प्रोसेसची, यादी दाखवणारी कमांड; टाइम आणि ईटाइम हे तिचे रकाने.

टाइम म्हणजे प्रोसेसने सीपीयू किती खाल्ला त्याचा हिशोब. सुरू होऊन किती वेळ झाला ते ईटाइम सांगतो. हे मला तेव्हाही पाठ होतं.

महिनाअखेरची रात्र. पावणेतीनला फोन आला, "बॅच दोनदा सुरू झालीये, नंतरची मारा." बॅच म्हणजे एकगठ्ठा चालणारं मोठं काम, मारा म्हणजे बंद करा. माझी स्वतःची छोटी स्क्रिप्ट होती, तीनच रकाने: पीआयडी म्हणजे प्रोसेसचा नंबर, टाइम, नाव. एकीसमोर ००:००:४१, दुसरीसमोर ००:०३:२०. एक्केचाळीस सेकंदवाली नवी, उघडच आहे. केली किल.

ती रात्री सव्वानऊपासून चालू होती. डेटाबेसला एक भलंमोठं अपडेट सोपवून उत्तराची वाट बघत झोपली होती, आणि झोपलेली प्रोसेस सीपीयू खात नाही. तीन मिनिटंवाली होती दहा मिनिटांपूर्वीची, फायली वाचत सुटलेली. साडेपाच तासांचं काम रोलबॅकला लागलं, म्हणजे डेटाबेस केलेले बदल मागे घेऊ लागला. त्याला घाई करता येत नाही, नुसतं बसून राहायचं. सकाळी घणसोलीहून ठाण्याची गाडी पकडली तरी ते संपलं नव्हतं. ऐरोलीला मॅनेजरचा फोन आला. मी उचलला नाही. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

पीआयडी मला कुणी दिला नव्हता, हे खरं. पण स्क्रिप्ट माझी होती. आधी एक 'ई' टाइप करायला काय धाड भरली होती? साधा पीएस -ईएफ मारला असता तरी एसटाइमच्या, म्हणजे सुरू झाल्याच्या वेळेच्या, रकान्यात एकीसमोर कालची तारीख आणि दुसरीसमोर ०२:३७ दिसलं असतं. तोच रकाना काढून मी स्क्रीन सुटसुटीत केली होती, वर त्याचा अभिमान.

म्हणून ईटाइम. सोबत एलस्टार्ट, म्हणजे पूर्ण तारीख-वेळ मिळते.

तरी परवा एका मुलीने पकडलंच. आमची एक शेल स्क्रिप्ट तीन तास फाइलची वाट बघते आणि मग एक्झेकने, म्हणजे नवी प्रोसेस न काढता स्वतःच्याच जागी, जावाचा प्रोग्राम सुरू करते. पीआयडी तोच, सुरुवातीची वेळही तीच. ईटाइम म्हणतो तीन तास, काम सुरू होऊन पाच मिनिटं.

"मग सर, हाही फसवतोच ना?"

फसवत नाही म्हणालो, आणि तिला लॉग, म्हणजे प्रोग्रामने स्वतः लिहिलेल्या नोंदी, उघडायला सांगितला.