नकाशावर सगळं जवळच असतं

आज सातपुड्यात, नंदुरबारच्या धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर गेलो होतो. एकशेआठची गाडी डांबरी सडकेवर उभी होती आणि पाड्यावरून गरोदर बाईला झोळीतून खाली आणत होते. बांबूला बांधलेलं घोंगडं, पुढे एक माणूस, मागे एक, आणि निसटत्या मुरमावर पाय रोवत उतरणं. दर थोड्या वेळाने खांदा बदलत होते. सोबतच्या आशाताई एका हाताने तिच्या डोक्यावर छत्री धरून, दुसऱ्या हाताने मोबाईल उंचावत रेंज शोधत होत्या. बाई सुखरूप पोचली, आधी हेच सांगतो.

आता चीड. मैदानी भागात ५,००० लोकसंख्येमागे एक आरोग्य उपकेंद्र, डोंगरी-आदिवासी भागात ३,००० मागे. कागदावर सवलतच की! पण सातपुड्यात एकेक घर वेगळ्या टेकडीवर, त्यामुळे ३,००० माणसं म्हणजे किती चढ-उतार, हे कोण मोजणार? निकष डोकी मोजून नको, चालायला लागणाऱ्या वेळावर हवा.

सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं कर्तव्य, असं राज्यघटनेच्या कलम ४७ मध्ये लिहिलंय. इथे मात्र सगळा भार आशाताईंवर, ज्यांना पगार नाही, नुसता मोबदला. (तोही वेळेवर मिळाला तर.) "लोकच दवाखान्यात येत नाहीत," हे मुंबईत बसून म्हणणाऱ्या साहेबांनी त्या झोळीचं एक टोक खांद्यावर घेऊन बघावं. अर्धी वाट पुरे.